कोतवालावर देखरेख कोणाची?

इंग्लंड आणि वेल्स या दोन प्रांतांत पोलीस दलावर देखरेख ठेवण्यासाठी लोकांनी मतदानाने निवडावयाचे एक पद आहे. त्याला तेथे 'पोलीस अँड क्राइम कमिशनर' म्हणतात. २०१२ साली सुरू झालेले हे पद २०२८ च्या मे महिन्यात, चालू मुदत संपताच, बंद करण्याचा निर्णय तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मोठ्या गाजावाजाने आरंभिलेला प्रयोग अवघ्या दीड तपाच्या आत आवरता घेण्याची वेळ तेथे आली आहे.

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत विलायतेतील पोलिसांची कथा कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा विषय आपल्या पेठेत वारंवार निघतो. एखाद्या पेढीचे कुलूप तुटले, मालाची मोटार वाटेत लुटली गेली, अथवा फिर्याद नोंदवून घेण्यास ठाण्यावर टाळाटाळ झाली, म्हणजे चार व्यापारी एकत्र बसतात आणि हटकून एक उद्गार ऐकू येतो : 'या लोकांना जाब विचारणारा कोणी आपण निवडलेला माणूस पाहिजे.' नगरसेवक आपण निवडतो, आमदार निवडतो, मंडळाचा अध्यक्षही निवडतो. मग पोलिसांवरचा देखरेखकार का निवडू नये? विचार वरकरणी बिनतोड आहे. परंतु हाच विचार दुसऱ्या एका देशाने अमलात आणून पाहिला आहे व त्याचे जमाखर्च आज सर्वांपुढे उघडे आहेत. दुसऱ्याच्या चोपड्या फुकट वाचावयास मिळत असता त्या न वाचताच नवा धंदा आरंभणे हे व्यापाऱ्याला शोभत नाही.

नेमलेला कोतवाल

आपल्याकडे कोतवाल हा नेहमीच वरून नेमलेला असे. कोतवालाकडे केवळ चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त नसे. बाजारभाव, वजने-मापे, रात्रीची गस्त, परगावच्या उतारूंची नोंद, अशी अनेक कामे त्याच्या कचेरीत चालत. सबब व्यापाऱ्याचा आणि कोतवालाचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

अशा नेमणुकीत दोष कोठे होता ते पुण्याच्या घाशीराम कोतवालाच्या प्रकरणावरून दिसते. नाना फडणिसांच्या कारभारात त्याने शहराचा बंदोबस्त चालविला. १७९१ साली कोंडून ठेवलेल्या ब्राह्मणांपैकी अनेकजण गुदमरून मेले आणि शहर खवळले. अखेरीस दरबाराने कोतवालाला लोकांच्या हवाली केले व त्यांनी त्याला दगडांनी ठार मारले. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु नाटक बाजूला ठेवूनही या घटनेतून एक गोष्ट निघते. त्या शहरात कोतवालाविरुद्ध तक्रार ऐकून तिचा निकाल देणारे असे एकही ठिकाण नव्हते की, जेथे साधा माणूस निर्भयपणे जाऊ शकेल. जाब विचारण्याचे दार बंद होते, म्हणून हातांत दगड आले. दगडांनी झालेला न्याय हा न्याय नव्हे. पण ज्या राज्यात तक्रारीला दार नसते, तेथे लोकांना तोच एक मार्ग उरतो.

इंग्रजांची जुनी चोपडी

इंग्लंडमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीस दल उभारले. पुढे १८३५ च्या कायद्याने तेथील नगरपालिकांना पोलीस दल ठेवणे भाग पडले आणि त्यावर देखरेख करण्यासाठी नगरसेवकांची 'वॉच कमिटी' नेमण्यात येऊ लागली. या कमिट्यांत ठिकठिकाणचे व्यापारी, कारखानदार व दुकानदार पुष्कळ असत. म्हणजे ज्या व्यवस्थेची मागणी आपल्या पेठेत आज होते, तिचाच एक प्रकार इंग्लंडच्या व्यापाऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षे वापरला होता.

त्याची कड कोठे बोचली ते १९५९ साली नॉटिंगहॅम शहरात दिसून आले. काही नगरसेवकांच्या व्यवहारांसंबंधी तेथील पोलीसप्रमुखांनी चौकशी चालविली होती. त्या चौकशीचा अहवाल आपणांस द्यावा असे वॉच कमिटीने फर्माविले. पोलीसप्रमुखांनी नकार दिला. कमिटीने त्यांना निलंबित केले. अखेर गृहमंत्र्यांना मध्ये पडावे लागले आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले. जो चौकशी करणार, त्याची नोकरी ज्याची चौकशी व्हावयाची त्याच्या हाती, अशी ही विपरीत स्थिती होती. या व अशा काही प्रकरणांनंतर १९६० साली शाही आयोग बसला आणि १९६४ च्या कायद्याने पोलीसप्रमुख, स्थानिक समिती व गृहखाते अशी तीन ठिकाणी सत्ता वाटण्यात आली. १९६८ साली लॉर्ड डेनिंग यांनी एका निकालात सांगितले की, कोणाला पकडावे व कोणावर खटला भरावा या बाबतीत पोलीस अधिकारी कोणाचाही ताबेदार नाही; तो केवळ कायद्याला बांधलेला आहे.

हे तत्त्व उत्तम होते. परंतु स्थानिक समित्या दिवसेंदिवस इतक्या अप्रसिद्ध होत गेल्या की, त्यांवर कोण बसते हे नागरिकांस ठाऊक नसे. तक्रार करावयाची ती कोणाकडे, याचे उत्तर कोणास देता येईना. या आक्षेपातूनच निवडणुकीची कल्पना पुढे आली.

तेरा वर्षांचा ताळेबंद

२०११ च्या कायद्याने लंडन वगळता इंग्लंड-वेल्समधील ४१ पोलीस विभागांत प्रत्येकी एक कमिशनर निवडण्याचे ठरले. येथे एक खुलासा अवश्य आहे. आपल्याकडील पोलीस आयुक्त हा वर्दीतला अधिकारी असतो. तेथील हा कमिशनर वर्दीतला नव्हे, तर लोकांचा प्रतिनिधी. पोलीसप्रमुखाची नेमणूक करणे, प्रसंगी त्याला दूर करणे, दलाचे अंदाजपत्रक ठरविणे, त्यासाठी स्थानिक करातील पोलिसांचा वाटा निश्चित करणे आणि विभागाचा आराखडा प्रसिद्ध करणे ही त्याची कामे. रोजच्या तपासात मात्र त्याने हात घालू नये, अशी मर्यादा आखलेली होती. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी नगरसेवकांचे एक मंडळही होते. पण त्या मंडळाचे दात फार बारीक होते.

पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ रोजी झाली. हिवाळ्याचे दिवस, उमेदवारांची माहिती घरोघर टपालाने पोचविण्याची सरकारी सोय नाही, आणि पद कशाचे ते लोकांना उमगलेले नाही. मतदान सुमारे १५ टक्के झाले. वेल्समधील न्यूपोर्ट शहराच्या एका मतदान केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही! २०१४ साली वेस्ट मिडलंड्समध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा १० टक्क्यांहून थोडे अधिक लोक आले. पुढे इतर स्थानिक निवडणुकांबरोबर मतदान ठेवल्यावर आकडा वाढला. तरी २०२४ साली तो चोवीस टक्क्यांच्या आसपासच राहिला. ज्याला शंभरांपैकी पंच्याहत्तरांनी ना होय म्हटले ना नाही, त्याने 'मी जनतेचा आवाज' म्हणून पोलीसप्रमुखासमोर उभे राहावे, यात वजन ते किती असणार?

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. २०१२ साली निवडून आलेल्या ४१ जणांपैकी १२ जण कोणत्याही पक्षाचे नव्हते. २०१६ साली असे तीन उरले. २०२१ साली एकही नाही. एकेका विभागात लक्षावधी मतदार. तेवढ्या लोकांपर्यंत पोचावयाचे तर पक्षाची यंत्रणा हवी, पैसा हवा. नुसती अनामतच ५००० पौंडांची. सज्जन, स्वतंत्र, जाणत्या माणसाला हे झेपेना. ज्या पदाने पोलिसांना राजकारणापासून दूर ठेवावयाचे, ते पदच पाहता पाहता पक्षांच्या तिकिटांवर वाटले गेले. आपल्याकडील नगरपालिकांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

तिसरा मुद्दा माणूस चुकला तर काय, हा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रॉदरहॅम गावासंबंधी एक चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळात तेथे सुमारे १४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले व पालिका आणि पोलीस या दोघांनीही त्याकडे डोळेझाक केली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या विभागाचा कमिशनर पूर्वी त्याच पालिकेत मुलांच्या कल्याणाचे खाते सांभाळत असे. सर्व बाजूंनी राजीनाम्याची मागणी झाली; देशाच्या पंतप्रधानांनीही ती केली; तथापि त्याला हटविण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. गंभीर फौजदारी आरोप दाखल झाल्याखेरीज नजर ठेवणाऱ्या मंडळाला त्याचे निलंबनही करता येत नव्हते. काही आठवडे हा तिढा चालला आणि शेवटी त्याने स्वतःच पद सोडले, तेव्हा तो सुटला. उलट बाजूने पाहता, लिंकनशायरच्या कमिशनरने २०१३ साली पोलीसप्रमुखाला निलंबित केले, ते न्यायालयाने रद्द ठरविले. दक्षिण यॉर्कशायरच्या कमिशनरने २०१६ साली पोलीसप्रमुखास पद सोडावयास लावले, तेही पुढील वर्षी न्यायालयात टिकले नाही. एका माणसाच्या हाती नेमणूक व बडतर्फी दोन्ही दिली की, त्याच्या रागलोभाला आवर घालण्यासाठी अखेर न्यायाधीशाचाच दरवाजा ठोठवावा लागतो.

या पदाच्या जमेस काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वीच्या समित्यांना चेहरा नव्हता. या पदाला नाव होते, पत्ता होता, प्रसिद्ध केलेला आराखडा होता. गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी पैसा कोठे व किती द्यावा हे जागेवरच ठरू लागले. काही कमिशनरांनी मनापासून काम केले. एवढे खरे की, ताळेबंद मांडता खर्चाची बाजू जड झाली, आणि त्यांची कामे आता निवडून आलेल्या महापौरांकडे अथवा स्थानिक परिषदांच्या प्रमुखांकडे सोपविण्याचे ठरले.

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्या पेठेकडे वळू. आपल्या राज्यघटनेनुसार पोलीस हा विषय राज्यांकडे आहे. बेळगाव असो, इंदूर असो, वडोदरा असो की हैदराबाद, महानगरपालिकेला रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांवर अधिकार आहे, पोलिसांवर नाही. मूळ चौकट १८६१ च्या पोलीस कायद्याची. १८५७ च्या उठावानंतर परक्या सत्तेने ती बांधली आणि साहजिकच लोकांना उत्तरदायी राहण्याची कल्पना तीत नव्हती. स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांनी आपले कायदे केले : मुंबई राज्याने १९५१ साली, म्हैसूरने १९६३ साली. बेळगाव जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हणून तेथील व्यापाऱ्यांच्या एका पिढीने दोन्ही राजवटी अनुभवल्या. राज्य पालटले, पाटी पालटली. परंतु ठाण्यावर गेलेल्या माणसाला कोण जाब देतो हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

या प्रश्नाला आपल्या देशात सर्वांत ठोस उत्तर दिले ते सर्वोच्च न्यायालयाने. प्रकाश सिंह नावाच्या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. त्यात राज्यांना आदेश दिले गेले की, धोरण ठरविण्यासाठी राज्य सुरक्षा आयोग असावा; महत्त्वाच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची स्थिर मुदत मिळावी; बदल्यांचा विचार पोलीस आस्थापना मंडळाने करावा; तपासाचे काम व बंदोबस्ताचे काम वेगळे करावे; आणि राज्य तसेच जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. कर्नाटकाने २०१२ साली व महाराष्ट्राने २०१४ साली आपापल्या कायद्यांत दुरुस्त्या केल्या. त्या निकालाच्या आशयानुसार त्या पुऱ्या झाल्या की नाही यावर जाणत्यांनी पुष्कळ टीका केली आहे. तथापि दार निदान भिंतीत कोरले गेले आहे.

या व्यवस्थेत आणि इंग्लंडच्या प्रयोगात मुख्य भेद हा की, येथे सारा भार एका माणसावर नाही. धोरण एकाकडे, बदल्या दुसऱ्याकडे, तक्रार तिसऱ्याकडे. आपल्या पेढीवरही रोकड सांभाळणारा आणि हिशेब तपासणारा एकच माणूस आपण ठेवीत नाही. तो कितीही प्रामाणिक असला, प्रत्यक्ष भाऊ असला तरीही नाही. यात अविश्वास नाही. यात रीत आहे. पोलिसांवरील देखरेखीसाठीही हीच रीत योग्य होय. म्हणून निवडलेल्या एका कमिशनरची मागणी आपण करू नये. जिल्ह्याजिल्ह्यात जिवंत, चालते-बोलते तक्रार प्राधिकरण असावे, ही मागणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळख आणि हक्क

येथवरच्या विवेचनास फारसा कोणाचा विरोध होणार नाही. पुढचा मुद्दा मात्र आपल्याच घरातला आहे व तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

पेठेतील प्रतिष्ठित माणसाचे काम ठाण्यावर अडत नाही, कारण त्याची ओळख असते. साहेब बदलून आले की हारतुरे होतात, सणासुदीला मिठाईची पेटी जाते, चौकीला पंखा, कपाट, छत लागले तर कोणी तरी शेठजी ते देऊन टाकतात. यातील पुष्कळसे सद्‌भावनेने होते, हे मी जाणतो. परंतु परिणाम पाहा. पेढीवर चोरी झाली तर फौजदार स्वतः येतो. त्याच पेढीवर ओझी वाहणाऱ्या हमालाची सायकल गेली तर त्याला 'उद्या या' म्हणून सांगितले जाते. ज्यांचे काम ओळखीने होते, त्यांना हक्काची निकड भासत नाही. आणि ज्यांना निकड आहे, त्यांचा आवाज मंडळाच्या सभेत पोचत नाही. अशा स्थितीत उद्या देखरेखकाराची निवडणूक झालीच, तर ती जिंकण्यासाठी लागणारा पैसा पेठेतूनच जाईल आणि निवडून येणारा माणूस 'आपला' असेल. मग तो 'आपला' नसलेल्यांनी कोणाकडे पाहावे? नॉटिंगहॅमच्या वॉच कमिटीचा धडा हाच आहे.

शिवाय ओळख हे फार कच्चे भांडवल आहे. साहेबाची बदली होताच ते बुडते. जो हक्क हमालाला मिळतो, तोच व्यापाऱ्यालाही वाईट दिवसांत उपयोगी पडतो. आपल्या समाजात व्यवहारशुद्धीला मान आहे. वजनात, मापात आणि शब्दात चोख असावे ही शिकवण वडीलधाऱ्यांनी आपणांस दिली. ठाण्याच्या उंबरठ्यावर ती शिकवण विसरण्याचे कारण नाही.

मंडळाने काय करावे

मोठ्या सुधारणेची वाट न पाहता मंडळाला पुढील गोष्टी याच वर्षी करता येतील.

पहिली, मंडळाच्या कचेरीत एक नोंदवही असावी. सभासद, त्यांचे गुमास्ते, हमाल, गाडीवाले, घरकामाच्या बायका, ज्या कोणाची फिर्याद ठाण्यावर घेतली गेली नाही, त्याने ती तारखेनिशी तेथे लिहावी. चिटणिसांनी दर महिन्याला ती कार्यकारिणीपुढे ठेवावी.

दुसरी, कायद्याची माहिती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते, मग गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीतला नसला तरी चालते. नोंदविलेल्या खबरीची नक्कल फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाणेदाराने नोंद नाकारली तर तीच खबर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एवढ्या चार ओळी मराठीत व स्थानिक भाषेत छापून प्रत्येक दुकानात लावण्यास कितीसा खर्च येणार?

तिसरी, पोलिसांना द्यावयाची कोणतीही मदत, मग तो रस्त्यावरचा कॅमेरा असो की चौकीचे छत, व्यक्तीने देऊ नये. ती मंडळाने ठराव करून, सरकारी पावती घेऊन, वार्षिक हिशेबात दाखवून द्यावी. जे उजेडात देता येत नाही, ते देऊच नये.

चौथी, जिल्हा तक्रार प्राधिकरण आहे की नाही, त्यावर कोण बसतात, कोठे बसतात व वर्षात किती तक्रारींचा निकाल लागला, हे माहितीच्या अधिकारात दरवर्षी विचारावे आणि आलेले उत्तर याच स्मरणिकेत छापावे.

या कामांत वाजतगाजत मिरविण्यासारखे काही नाही. यांत निवडणुकीचा उत्साह नाही, विजयाची मिरवणूक नाही. परंतु पाच वर्षांनी एकदा मत देऊन मोकळे होण्यापेक्षा दर महिन्याला वही उघडून पाहणे हे अधिक लोकशाहीचे काम आहे, आणि ते व्यापाऱ्याच्या हातच्या सवयीचेही आहे. येत्या वार्षिक सभेपुढे सभासदांनी या चार बाबींचा ठराव आणावा व त्यावर मोकळेपणी, अनुकूल-प्रतिकूल दोन्ही बाजूंनी चर्चा व्हावी, एवढीच नम्र विनंती.